उंच सुराला काढलेले फोटो

नाताळ आठवड्यावर आला असताना एक निवृत्त मास्तर माझ्या वडवणीच्या फोटो स्टुडिओत आले. धारूरकडचा घाट चढून गेलं की माथ्यावर एक लहानसं गाव लागतं, तिथल्या चर्चचे ते सचिव. चर्चपुढच्या मैदानात दरवर्षी ते नाताळचा मेळावा भरवतात. खाण्यापिण्याचे गाडे, लेकरांचे पाळणे आणि दिवस कलला की उघड्या स्टेजवर बँड.

"सत्कार, हारतुरे, पाहुणे, ते काही नको," सर म्हणाले. "फक्त वाजवणाऱ्यांचे फोटो पाहिजेत. ईस्टरला आम्ही स्मरणिका काढतोय."

मला आनंदच झाला. वर्षभर नवरा-नवरीला गालाला गाल लावून उभं करायचं, त्यापेक्षा हे काम कितीतरी बरं. मी विचारलं, "कोण कोण येतंय वाजवायला?"

सरांनी सांगितलं. अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या पोरांचा गिटार-ड्रमचा बँड. चर्चमधल्या बायकांची गाण्याची मंडळी, पेटी-ढोलकी घेऊन. "आणि सुरुवातीला तुमच्याच गावची बँड पार्टी. त्यांच्यातला ट्रम्पेटवाला ऐकलाय का तुम्ही? काय वाजवतो हो! मागच्या साली आमच्या पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं."

"ऐकलाय," मी म्हणालो.

ऐकलाय! त्याला हाताला धरून उस्तादांकडे नेणारा मीच.

आम्ही दोघं आठवीत एका बाकावर होतो. त्याच्या घरी मेंढरं. त्याचे वडील वर्षातले सहा महिने कळप घेऊन लांब असायचे. माझे वडील बागायतदार, दोनदा सरपंच झालेले. चुलत्याच्या लग्नात मी ट्रम्पेट पहिल्यांदा जवळून पाहिला आणि वेड लागल्यासारखं झालं. बाजारतळाच्या मागं पत्र्याच्या खोलीत उस्ताद बँड शिकवायचे. मला एकट्याला जायची भीती वाटत होती, म्हणून सोबतीला त्याला नेलं. तो दारात बसून राहायचा. मी आत गाल फुगवून, लाल होऊन, घामाघूम व्हायचो. पहिला धड आवाज काढायला मला अकरा दिवस लागले.

दोन महिन्यांनी उस्ताद सहज त्याला म्हणाले, "तू बी फूंक के देख रे."

त्यानं फुंकलं आणि पहिल्याच दमात सूर आला. सरळ, गोल, न थरथरणारा. उस्तादांनी हातातला विडीचा तुकडा खाली टाकला. मला आठवतं, त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या होत्या. आजही तेच आठवून जास्त त्रास होतो.

दहावीपर्यंत आम्ही दोघंही पार्टीत वाजवायला लागलो. मला सरगम लिहून घेता यायची, मी पटकन पाठ करायचो, आणि त्याला ते काहीच येत नव्हतं. मुख्य जागा माझीच, असं मी धरून चाललो होतो. मग तालुक्यातल्या एका पुढाऱ्याच्या मुलीचं लग्न आलं. सगळा जिल्हा लोटणार होता. उस्तादांनी आदल्या दिवशी तालमीत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, पुढं तू. मला मागं साथीला ठेवलं.

त्या लग्नात मी वाजवलं. दुसऱ्या दिवसापासून तालमीला गेलो नाही. उस्तादांना निरोप धाडला, घरचे नको म्हणतात. ते अगदीच खोटं नव्हतं. वडील वर्षभरापूर्वी एकदा म्हणाले होते, "बँडात वाजवायचं बंद कर, लोक हसतेत." पण ते बोलून विसरून गेले होते. एका वरातीत तर पिंपळाखाली उभं राहून त्यांनी माझं वाजवणं ऐकलेलं मी पाहिलं होतं. तरी पुढं आयुष्यभर मी हेच सांगत आलो की वडिलांनी माझा ट्रम्पेट सोडवला. मित्रांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, लग्न झाल्यावर बायकोलाही सांगितलं. ती गोष्ट ऐकून लोक हळहळायचे. मलाही बरं वाटायचं.

नाताळच्या दिवशी दुपारी चारला मी मोटरसायकलवरून घाट चढलो. वर पोहोचेपर्यंत हाताची बोटं माझी राहिली नव्हती. त्या वर्षी थंडीची लाट होती, आणि त्या माथ्यावर वारा अडवायला काही नाही. मैदान खडकाळ, कडेला चुन्यानं पांढरं केलेलं चर्च, त्याच्या टोकाला कागदाची मोठी चांदणी आत बल्ब टाकून लावलेली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं, तरी खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून बसली होती. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या एकमेकींना जोडून त्यावर सतरंजी. मागच्या बाजूला पिवळे दिवे.

मी कॅमेरा काढला. जादा बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात छातीशी ठेवली, कारण थंडीत ती अर्ध्या वेळात दम तोडते. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तू व्हय फोटोवाला? बरं झालं."

तो उभा होता. लाल कोटाच्या आत दोन स्वेटर, त्यामुळे सोनेरी दोऱ्याची बटणं ताणलेली. ट्रम्पेट काखोटीला आणि तोंडाला लावायचा माउथपीस काढून उबेला दुसऱ्या काखेत दाबून धरलेला.

"गोठलाय बघ," तो म्हणाला. "ओठाला चिटकायलाय."

मला ते माहीत होतं. थंडीत पितळी वाद्याचा सूर उतरतो, कळा जड होतात, ओठ बधिर होतात. मी मनात म्हणालो, आज ह्याचं काही खरं नाही. आणि हे म्हणताना मला उबदार वाटलं, खोटं कशाला सांगू.

"चांगले काढ बे," तो म्हणाला. "जिंदगीत एक फोटो न्हाई माझा वाजवतानाचा."

"कसा न्हाई? एवढी लग्नं वाजवली तू."

"लग्नात नवरदेवाचे काढतेत. आमाला कोण काढतंय?"

तो हसून गेला. मी तिथंच उभा राहिलो. कारण त्या लग्नांतला फोटोवाला बहुतेक वेळा मीच असायचो. नवरदेवाची मिरवणूक, आमच्याकडचा परण्या, मारुतीच्या देवळाला निघाली की घोड्यापुढं तो वाजवत चाललेला असायचा आणि मी घोड्याशेजारी. माझ्या डोळ्याला लावलेल्या चौकटीत तो शेकडो वेळा आला असेल. प्रत्येक वेळी मी अर्धं पाऊल डावीकडं सरकलो. चुकून आलाच तर अल्बम करताना कडेनं कापला. गिऱ्हाईक म्हणतंय म्हणून नाही. कुणी कधी असं म्हणालं नाही.

दिवस मावळता मावळता त्यांची पार्टी चढली. पहिलं गाणं उडत्या चालीचं होतं, ते झालं. दुसरं शांत, नाताळचं जुनं गाणं. त्याला साथीला चर्चमधला एकजण कीबोर्ड घेऊन बसला. मी मनातून फार खूश झालो. कीबोर्डाला थंडी कळत नाही, तो आपल्या पट्टीवर ठाम. ट्रम्पेट मात्र उतरणार. दोघांचं जमणार नाही आणि सगळ्यांना ऐकू येणार.

पहिली ओळ खरंच उतरलेली होती. अगदी केसभर. मैदानात ते कळणारा बहुतेक मी एकटाच. मी कॅमेऱ्यामागं हसलो. पण ओळ संपायच्या आत त्यानं डाव्या हातानं सुराची नळी जरा आत सरकवली, वाजवणं न थांबवता. दुसरी ओळ कीबोर्डाच्या सुरात सूर मिसळून आली. हे त्याला कुणी शिकवलं? उस्तादांनी मला तरी कधी शिकवलं नव्हतं.

मग मी माझं काम सुरू केलं, आणि ते काम काय होतं ते आता लिहायलाच पाहिजे.

ट्रम्पेट वाजवणारा माणूस उंच सुराला पोहोचला की त्याचं तोंड बघवत नाही. गळ्याच्या शिरा तटतटतात, डोळे मिटून आत जातात, कपाळावर आठ्या, गालांचे गोळे. त्यात फ्लॅश खालून मारला की नाकपुड्यांची भोकं आणि हनुवटीची सावली. हे माहीत असलेला फोटोवाला दोन सुरांच्या मधल्या क्षणाची वाट पाहतो. मी उलटं केलं. ते गाणं मला पाठ होतं. कोणत्या ओळीला सूर वर जाणार, तिथं किती वेळ थांबणार, सगळं ठाऊक. स्टेजला लागून खाली बसलो, कॅमेरा खालून रोखला आणि प्रत्येक वेळी नेमक्या त्या सुराला फ्लॅश मारला. चाळीसएक फोटो निघाले. एकापेक्षा एक वाईट.

एक मात्र वेगळा निघाला. दोन कडव्यांच्या मध्ये त्यानं ट्रम्पेट खाली घेतला आणि मोठा श्वास सोडला. मागच्या पिवळ्या दिव्यात ती वाफ त्याच्या तोंडाभोवती पसरली. डोळे उघडे, नजर लांब कुठंतरी डोंगराच्या कडेला. मी बटण दाबलं ते हौसेनं नव्हे. बोट बधिर होतं, दबलं गेलं. फ्लॅशही पेटला नाही. पाठीमागच्या पडद्यावर पाहिलं. वीस वर्षांत इतका चांगला फोटो माझ्या हातून निघाला नव्हता, आणि निघाला तो ह्याचा.

गाणं संपलं. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक म्हातारी घोंगडीतून तोंड काढून म्हणाली, "पुन्हा वाजीव रं लेकरा."

त्यानं पुन्हा वाजवलं. मी उठून पाणी प्यायला गेलो. मला आजवर कुणी म्हणालं नाही, पुन्हा काढ.

पुढचे बँड मी मन लावून काढले. अंबाजोगाईची पोरं थंडी घालवायला स्टेजवर उड्या मारत होती. त्यांचे केस हवेत असताना धरले. बायकांची मंडळी डोक्यावरून शाली घेऊन आली. ढोलकीवालीनं बोटं फुंकून फुंकून गरम केली, आणि सगळ्यांनी एकदम सूर लावला तेव्हा दहा-बारा तोंडांतून वाफ निघाली. ते फोटो आजही मी दुकानात लावलेत. त्या कुणावर माझा राग नव्हता, म्हणून ते चांगले आले.

आठवड्यानं सरांना निवडक पाठवले. गिटारवाल्यांचे, बायकांचे झकास. आमच्या बँड पार्टीचे तीन. दोनांत तो मोठ्या बाजाच्या आड अर्धा झाकलेला, तिसऱ्यात तोंड वेडंवाकडं. सरांचा फोन आला.

"ट्रम्पेटवाल्याचा जरा बरा नाही का हो एखादा?"

"वाजवताना तोंड वाकडं होतंच सर," मी म्हणालो. "आपण काय करणार?"

तो चांगला फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला होता. पुसून का टाकला नाही, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. दुकान बंद करण्याआधी मी कधीकधी तो उघडून बघायचो.

स्मरणिका निघाली. तिच्यात त्याचा फोटो नव्हता. त्यानंतर तीन-चार दिवसांनी तो दुकानात आला. उन्हाळा लागला होता, लग्नसराई तोंडावर. बाकावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पुस्तकात माझा न्हाई आला," तो म्हणाला.

"जागा नसंल त्यांच्याकडं."

"नसू दे. मला एक छापून दे. आईला पाहिजे. म्हणती, तू काय वाजवतो ते मला कुठं बघायला मिळालंय, समदा जलम मेंढरामागं गेला."

मी कॉम्प्युटर त्याच्याकडं पाठ करून फिरवला. वाईट चाळीसांचं फोल्डर उघडलं. त्यातल्या त्यात बरा असा एक काढला, आणि आपण त्याच्यावर केवढा उपकार करतोय असं स्वतःला वाटू दिलं. छापून हातात दिला. तो खूप वेळ बघत राहिला.

"आसा दिसतो का बे मी?"

"वाजवताना दिसतो."

त्यानं फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला, टोपी घातली आणि गेला. मी दाराशी जाऊन त्याला रस्ता ओलांडेपर्यंत पाहिलं. जिंकल्यासारखं वाटत होतं. चहा मागवला, प्यायलो. कप खाली ठेवेपर्यंत ते वाटणं ओसरलं होतं.

अल्बमची मांडणी माझी बायको करते. ती माझ्याहून नेटकी. एक दिवस जुने फोटो आवरताना तिनं हाक मारली.

"आहो, हे तुमचे ट्रम्पेटवाले दोस्तच ना? किती सुंदर हाय हा फोटो! ते आलते तवा ह्योच कावून न्हाई दिला?"

"इसरलो."

ती खुर्चीत मागं वळली. "ह्याला वेगळं फोल्डर केलंय तुमी. त्यात एकच फोटो हाय. इसरलेला फोटो असा जपून ठेवतंय का कुणी?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी शटर अर्धं ओढलं आणि तिला सगळं सांगितलं. फोटोचं, आणि त्याच्या मागचं, पुढाऱ्याच्या मुलीच्या लग्नाचं. ती शेवटी एवढंच म्हणाली, "मग मामांचं नाव कावून घेत होता इतकी वर्सं? ते बिचारे गेले बी."

वडील वारले त्याला चार वर्षं झाली होती. त्यांच्या तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांनाही मी ही गोष्ट सांगितली होती. माणूस कडक होता, म्हणालो होतो, पण माझ्या भल्यासाठीच. बायको तेव्हा शेजारी बसून डोळे पुसत होती.

तिनं तो फोटो मोठा छापला, फ्रेम केली आणि काउंटरवर ठेवली. देऊन या, असं काही म्हणाली नाही. तीन दिवस ती फ्रेम तिथंच होती. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हा कोण? चौथ्या दिवशी मी ती पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला बांधली.

त्याची वस्ती गावापासून दोन-अडीच मैलांवर. मी गेलो तेव्हा तो ओसरीत ट्रम्पेटला चिंच लावून घासत बसला होता. त्याची आई कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो. आत भिंतीवर, देवाच्या तसबिरींच्या खालच्या ओळीत, मी दिलेला तो वाईट फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेला दिसला.

मी पोतं सोडलं. मावशीनं फ्रेम हातात घेतली, पदरानं काच पुसली.

"हे माझं लेकरू," ती म्हणाली. "त्या दुसऱ्यात लई कष्टी दिसतंय. मला वाटायचं, ह्यो वाजवतो का कुणी ह्याला मारतंय?"

आम्ही तिघंही हसलो. मग तिनं फ्रेम त्याच्याकडं दिली. त्यानं चिंचेचे हात झटकले, लांब धरून पाहिली.

"झ्याक हाय," तो म्हणाला. "पण ह्यात मी वाजवत न्हाई बे. दम घ्यायलोय."

"म्हणून तर चांगला आलाय."

"आसंल. पण मला त्योच आवडतो," त्यानं भिंतीकडं हनुवटी केली. "त्यात काम करताना दिसतो."

मावशी चहा ठेवायला आत गेली. मी खाली बसलो. बोलायचं ठरवून आलो होतो. शेवटी एकदाचं म्हणालो, "ते पहिले फोटो मी मुद्दाम तसे काढले."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"चाळीस येळा चमकलं आसंल, आन् चाळिसी येळा वरच्या सुरालाच. गाणं येत न्हाई त्या माणसाला ते जमत न्हाई. दुसऱ्या कडव्यालाच वळखलं मी." त्यानं पुन्हा घासायला घेतलं. "दुकानात आलतो ते आईसाठीच, पण बघायचं बी व्हतं, तू कोणता देतो."

मी विचारलं, "राग आलता?"

"आलता. अजून हाय."

मग तोच म्हणाला, "तू पार्टी कावून सोडली ते बी म्हाईत हाय. तुझ्या वडलांचा काय संबंध न्हाई त्यात. उस्तादांनीच सांगितलतं तवा. म्हणले, उसकू कुछ नको बोल, शरमाता वो. म्हणून कधी इषय काढला न्हाई."

पंचवीस वर्षं. मी लोकांना ती खोटी गोष्ट सांगत असताना कितीतरी वेळा तो समोर असायचा. एकदा तर माझ्याच दुकानात, चार माणसांत, मी ती रंगवून सांगितली आणि तो मान हलवत ऐकत होता. आता इथं मला त्याच्याविषयी प्रेम दाटून यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटलं, बघ, ह्यातही हा पुढं. वाजवण्यात पुढं, गप्प राहण्यातही पुढं. त्याचं ते मोठेपण मला त्याच्या सुरापेक्षा जास्त सोसवेना. चहा कसाबसा पिऊन मी निघालो. मावशीनं वाडग्यात खवा दिला, तो मात्र घेतला.

त्या लग्नसराईत मी त्याला कडेनं कापलं नाही. एवढंच सांगण्यासारखं. परण्याच्या फोटोत घोड्यापुढं तो दिसायला लागला. एका नवरदेवाचा बाप म्हणाला, बँडवाले कशाला इतके? मी म्हणालो, छान आलेत, राहू द्या.

पुढच्या नाताळला सरांचं बोलावणं येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. डिसेंबरच्या बाजारात सर भेटले तेव्हा अवघडून म्हणाले, "ह्या वेळी अंबाजोगाईच्या एका मुलीला सांगितलंय. तुमच्या मित्रानंच सुचवलं हो. तुम्हाला लग्नाची कामं फार असतात म्हणाला."

नाताळला लग्नं फारशी नसतात, हे त्यालाही माहीत, सरांनाही माहीत. मी म्हणालो, "बरं केलं."

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण नुसते ऐकायला जाऊ." मी नाही म्हणालो. त्या दिवशी दुपारी तिनं दोन शाली काढून ठेवल्या, मफलर माझ्या हातात दिला, आणि आम्ही गेलो.

कॅमेरा नसलेले हात कुठं ठेवायचे ते मला कळत नव्हतं. तिसऱ्या रांगेत बसलो. ती मुलगी पंचविशीची असेल, कानटोपी घातलेली. स्टेजच्या खाली बसण्याऐवजी ती मागून, दिव्यांच्या बाजूनं ट्रॉलीवर चढली आणि वाजवणाऱ्यांच्या खांद्यावरून समोरच्या लोकांसकट फोटो घ्यायला लागली. हे मला गेल्या वर्षी का सुचलं नाही? तिथून तो कसा दिसत असेल, पुढं ट्रम्पेटचा कर्णा, त्यापलीकडं घोंगड्यांतली तोंडं, हे मला बसल्या जागी दिसत होतं. मी तिच्यावरही जळायला लागलो. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि कोपरानं ढोसलं. "गाणं ऐका," ती म्हणाली.

मग ऐकलं. गेल्या वर्षी मी त्यातले फक्त उंच सूर ऐकले होते, आणि तेही नेम धरण्यापुरते. मधलं सगळं माझ्या कानांवरून गेलं होतं. खालच्या सुरांत तो किती सावकाश चालत होता! एका ठिकाणी तर त्यानं सूर इतका बारीक केला की माझ्या पुढच्या माणसानं खोकला दाबून धरला. मला त्याच्यासारखं कधीच जमलं नसतं. उस्तादांचं काही चुकलं नव्हतं. हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली असं नाही. कळलं तेव्हाच होतं, त्या लग्नाच्या तालमीत.

त्यांची पार्टी उतरली. तो ट्रम्पेट पुसत आमच्या रांगेशी आला. बायकोला "वहिनी, थंडी वाजती का?" म्हणून विचारलं. माझ्याकडं पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्यानं विचारायची वाट न पाहता मलाच बोलावं लागणार, हे मला समजलं.

"चांगलं वाजवलंस," मी म्हणालो.

नेमकी तेव्हाच स्टेजवर गिटारवाल्या पोरांनी ड्रमवर काठ्या आपटायला सुरुवात केली.

"काय?" त्यानं कान पुढं केला.

मी पुन्हा म्हणालो. त्याला ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल, मला अजून खात्री नाही. तो कानामागं हात धरून तसाच वाकून उभा राहिला. शेवटी मी उठलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "चांगलं वाजवलंस बे, लई चांगलं!" आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं वळून बघायला लागली. माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता कुणास ठाऊक. ट्रॉलीवरच्या त्या मुलीनं कॅमेरा आमच्याकडं वळवलेला मी पाहिला.

"हां," तो म्हणाला, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसला.